कर्दळ : एका पसरणाऱ्या शोभावनस्पतीची जोपासना व तिची परिभाषा

कर्दळ माहीत नाही असा मराठी वाचक विरळा. सार्वजनिक उद्यानांच्या वाफ्यांत ती असते, शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणालगत असते, आणि परसात न्हाणीचे सांडपाणी जेथे जाऊन मुरते तेथे अळू व केळ यांच्या सोबतीने तीही उभी असते. परंतु अतिपरिचयामुळे तिची निगा कशी राखावी हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. लावणीनंतर पहिली दोन वर्षे ती उत्तम फुलते. पुढे पाने उदंड आणि फुले मोजकी असा प्रकार सुरू होतो. ताटव्याचा मध्यभाग पोकळ पडतो, कडा मात्र वाटेवर आणि शेजारच्या वाफ्यांत शिरू लागतात. मग मालक एक तर खत-पाणी वाढवितो, नाही तर सारा ताटवा उपटून उकिरड्यावर टाकतो. आणि उकिरड्यावर ती पुन्हा जोमाने वाढते.

या दोन्ही उपायांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. कर्दळ म्हणजे एका जागी रोवलेले झाड, अशी आपली कल्पना असते. वास्तविक ती जमिनीखालून आडवी सरकत जाणारी एक खोडमालिका आहे. वर दिसतात ते तिचे तात्पुरते धुमारे होत. हा गैरसमज केवळ निरीक्षणाच्या अभावाने झालेला नाही. आपण वापरीत असलेल्या शब्दांचाही त्यात वाटा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात कर्दळीची जोपासना आणि त्या जोपासनेची परिभाषा या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे. उद्यानविद्येच्या पुस्तकांत आढळणारी 'बहुवर्षायू', 'मूलक्षोड', 'विभाजन' ही परिभाषा एका बाजूस, आणि ऊस, हळद व केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची 'बेणे', 'डोळा', 'गड्डा', 'मुनवा', 'खोडवा' ही परिभाषा दुसऱ्या बाजूस, अशा दोन शब्दसंपत्ती मराठीत आज नांदत आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास दोन्हींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, आणि कर्दळही अधिक चांगली फुलते, असे दाखवून देण्याचा हा प्रयत्न आहे.

१. नाव आणि मूलस्थान

प्रथम नावाचा विचार करू. संस्कृत 'कदली' या शब्दातील स्वरमध्यस्थ 'द' प्राकृतात लोपला, 'कयली', 'केली' अशी रूपे झाली, आणि स्वरमध्यस्थ एकेरी 'ल'चा मराठीत नियमाप्रमाणे 'ळ' होऊन 'केळ' हा शब्द सिद्ध झाला. 'पाद' यापासून 'पाय' होताना 'द'ची जी गत झाली तीच येथे झाली. 'कर्दळ' किंवा 'कर्दळी' या शब्दात मात्र 'द' शाबूत आहे. त्या अर्थी तो प्राकृतातून वारशाने आलेला शब्द नव्हे. 'कदली' हाच शब्द मागाहून विद्वानांच्या व धर्मग्रंथांच्या वाटेने मराठीत पुन्हा आला, त्यात 'र' शिरला आणि 'ल'चा 'ळ' झाला. 'काम' व 'कर्म', 'पान' व 'पर्ण' यांप्रमाणेच 'केळ' व 'कर्दळ' ही एकाच मुळाची जोडी होय.

या जोडीतील अर्थविभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. दत्तसंप्रदायात श्रीशैलजवळील ज्या कर्दळीवनाचे माहात्म्य आहे, ते केळींचे वन होय. पंधराव्या शतकात होऊन गेलेल्या नृसिंह सरस्वतींच्या अवतारसमाप्तीशी ते निगडित आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या नावाने तांबड्या-पिवळ्या फुलांचे रान उभे राहिले तर तो कालविपर्यास ठरेल. कारण आज आपण जिला कर्दळ म्हणतो ती वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे, आणि १४९२ पूर्वी ती भारतात असण्याचा संभव नाही. ती येथे आली तेव्हा तिची रुंद, सळसळीत, केळीसारखी पाने पाहून लोकांनी केळीचेच जुने, ग्रांथिक नाव तिला दिले. रोजच्या व्यवहारात केळीला 'केळ' हा शब्द होताच. 'कर्दळ' हा शब्द त्यामुळे मोकळा होता.

असे नामकरण मराठीतच झाले असे नाही. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध करविलेल्या 'होर्टुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात (१६९२) ही वनस्पती 'काटु-बाला' या नावाने आली आहे. मल्याळम भाषेत 'काट्टु' म्हणजे रानातील आणि 'वाळ' म्हणजे केळ. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही परदेशी वनस्पती मलबारात रानकेळ म्हणण्याइतकी घरची झाली होती, हे यावरून दिसून येते.

लिनेअस याने १७५३ मध्ये तिला 'कान्ना इंडिका' हे शास्त्रीय नाव दिले. यातील 'इंडिका' या विशेषणावर विसंबून तिला भारतीय समजणे चुकीचे आहे; त्या काळच्या युरोपीय भाषांत 'इंडीज' या नावाखाली पूर्वेकडील व पश्चिमेकडील असे दोन्ही प्रदेश येत. 'कान्ना' हा शब्द मूळचा सेमिटिक असून तो अक्कादी 'कनू', हिब्रू 'काने' यांच्या कुळातील आहे. ग्रीक व लॅटिन भाषांत त्याचा अर्थ वेत किंवा बोरू असा होता. पोकळ बोरूवरून नळी, नळीवरून पाट, अशा अर्थविस्ताराने आपले शेतकरी आज ज्याला 'कॅनॉल' म्हणतात तो शब्दही याच कुळात पडतो.

२. शरीररचना

कर्दळीचे कुल स्वतंत्र असून त्यात कान्ना ही एकच प्रजाती आहे. आले, हळद, सोनटक्का व केळ हे तिचे जवळचे आप्त होत. या साऱ्यांचे एक लक्षण सामाईक आहे : खरे खोड जमिनीखाली आडवे वाढते. त्याला वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत 'मूलक्षोड' म्हणतात. बोलण्यात मात्र आपण त्यालाही 'कंद' म्हणतो, कांद्यालाही कंद म्हणतो, रताळ्यालाही आणि डेलियाच्या मुळालाही. येथेच घोटाळ्याला आरंभ होतो. कांदा म्हणजे एका आखूड खोडाभोवती दाटलेली मांसल पाने. त्याला वर-खाल अशा निश्चित बाजू असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. त्याच्या माथ्याशी जुन्या खोडाचा डोळ्यासह भाग नसेल तर तो कितीही टवटवीत असला तरी फुटत नाही. कर्दळीचा गड्डा म्हणजे खोड. त्यावर पेरे आहेत, खवले आहेत आणि डोळे आहेत. डोळा असलेला कोणताही तुकडा नवे रोप देऊ शकतो. तीन निराळ्या अवयवांना एकच नाव दिले की तिन्हींना एकच वागणूक मिळते, आणि ती तिघांपैकी एकालाच मानवते.

हळदीच्या पिकातील परिभाषा या बाबतीत पुष्कळच काटेकोर आहे. सांगली-साताऱ्याकडील शेतकरी मूळ मातृकंदाला 'जेठा गड्डा' म्हणतो, त्याच्या बगलेतून निघालेल्यास 'बगल गड्डा' म्हणतो, आणि पुढच्या बोटांसारख्या फाट्यांना 'हळकुंडे'. म्हणजे कोणता भाग आधीचा व कोणता नंतरचा ही वंशावळ शब्दांतच नोंदलेली आहे. कर्दळीच्या ताटव्याकडे नेमके याच दृष्टीने पाहावयास हवे. तिच्या गड्ड्याचे टोक काही अंतर आडवे जाऊन वर वळते आणि त्याचा पानाफुलांचा दांडा होतो. पुढची आडवी वाढ त्या टोकाकडून न होता बगलेच्या डोळ्यातून होते. असा प्रत्येक तुकडा आपल्या आधीच्या तुकड्याच्या पुढे सरकत जातो. साहजिकच जुने तुकडे मध्यभागी राहतात आणि नवे, जोमदार तुकडे परिघावर जातात. ताटव्याचा मध्य पोकळ होतो तो रोगामुळे नव्हे किंवा खताच्या अभावामुळेही नव्हे. झाड पुढे निघून गेलेले असते, एवढाच त्याचा अर्थ.

'बहुवर्षायू' या शब्दाचाही येथे जपून अर्थ लावावा लागतो. बहुवर्षायू आहे ती ही भूमिगत मालिका. वर आलेला प्रत्येक दांडा अल्पायू असून तो आपल्या शेंड्याशी फुलतो आणि संपतो. केळीचा घड उतरल्यावर ते खुंट पुन्हा फळत नाही व बुंध्याशी आलेला मुनवा त्याची जागा घेतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला कर्दळीविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

फुलासंबंधीही एक खुलासा आवश्यक आहे. ज्या रंगीत, मोठ्या पाकळ्यांसाठी आपण कर्दळ लावतो, त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या तीन असून त्या अरुंद व बेताच्या रंगाच्या असतात. शोभेचा भाग म्हणजे रूपांतर पावलेले वंध्य केसर होत. कार्यक्षम केसर एकच, आणि त्याचाही अर्धाच भाग पराग धारण करतो. उरलेला अर्धा पाकळीसारखा झालेला असतो.

३. लागवड

कर्दळीला तीन गोष्टी लागतात : भरपूर ऊन, सकस जमीन आणि मुबलक पाणी. यांपैकी उन्हाच्या बाबतीत तडजोड चालत नाही. झाडाच्या सावलीत ती जगते, पानेही मोठी येतात, पण फुलत नाही. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

महाराष्ट्राच्या पठारी भागात लागवडीस उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते. कोकणात मात्र ऐन जूनच्या मुसळधार पावसात ताजे कापलेले तुकडे कुजण्याची भीती असते. तेथे पावसापूर्वी लावून मुळे धरू द्यावीत किंवा उंच वाफ्यावर लावावे. जमीन हातभर खोल खणून तीत चांगले कुजलेले शेणखत सढळपणे मिसळावे.

बेण्यासाठी परिघावरचे, टणक, ताज्या रंगाचे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्यावर दोन ते तीन डोळे राखावेत. उसाची टिपरी निवडताना शेतकरी डोळा तपासतो त्याच काळजीने येथेही तपासावे. डोळा मोडला असेल तर तुकडा कितीही जाड असो, तो बाजूला ठेवावा. कापलेले तोंड सावलीत एक-दोन दिवस सुकू द्यावे. नंतर तुकडा आडवा, डोळे वरच्या अंगाला येतील असा, सुमारे ८ ते १० सेंटिमीटर खोल ठेवून माती दाबावी. कांद्याप्रमाणे तो उभा रोवण्याचे कारण नाही. उंच जातींसाठी दोन तुकड्यांत ४५ ते ६० सेंटिमीटर, ठेंगण्या जातींसाठी ३० ते ४० सेंटिमीटर अंतर पुरते. हे अंतर प्रारंभी फार वाटते. परंतु कर्दळ ते स्वतः भरून काढते, हे ध्यानात ठेवावे. कोंब वर येईपर्यंत पाणी बेताने द्यावे, पाने उलगडल्यावर वाढवावे. लावणीपासून साधारणतः दोन ते तीन महिन्यांत पहिली फुले येतात.

बियांपासूनही रोपे करता येतात, पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक म्हणजे, बागेतील बहुतेक जाती संकरज असल्याने बियांची रोपे आईसारखी निपजत नाहीत. काही जातींना बीच धरत नाही. दुसरे म्हणजे, बियांचे कवच विलक्षण कठीण असते. काळ्या, गोल, छऱ्यासारख्या या बियांमुळेच इंग्रजीत तिला 'इंडियन शॉट' असे नाव पडले. अर्जेंटिनातील एका प्राचीन दफनस्थानी अक्रोडाच्या कवचात कोंडलेले कर्दळीचे बी सापडले. ते उगवले, आणि त्याचे वय सुमारे ६०० वर्षे असल्याचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने ठरविण्यात आले. त्यासंबंधीचे टिपण 'नेचर' या नियतकालिकात १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही चिवटपणाची दुसरी बाजू अशी की, कवच कानसीने घासून आतील पांढरा भाग दिसू दिल्याशिवाय आणि मग एक दिवस कोमट पाण्यात भिजविल्याशिवाय बी लवकर रुजत नाही.

४. निगा

निगेतील मुख्य काम कापणीचे आहे, आणि तेथेच हलगर्जीपणा होतो. एका दांड्यावर फुलांचा पहिला तुरा संपला की बहुधा त्याच्या खालच्या बाजूने दुसरा, क्वचित तिसरा तुरा निघतो. म्हणून पहिला तुरा वाळताच सबंध दांडा कापू नये. वाळलेला तेवढा भाग खुडावा व बोंडे धरू देऊ नयेत, कारण बी पोसण्यात झाडाची शक्ती खर्च होते. सारे तुरे संपल्यावर मात्र तो दांडा निःशंकपणे जमिनीलगत छाटावा. तो पुन्हा फुलणार नाही; ठेवल्यास नव्या कोंबांचा उजेड अडवील, एवढेच. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडी, सारा ताटवा जमिनीसपाट करून खत घातले तरी चालते. ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांवर खोडवा घेतात, त्यातलाच हा प्रकार होय.

खत वर्षातून दोनदा पुरे : पावसाळ्याच्या आरंभी आणि हिवाळ्याच्या सुरुवातीस. नत्राचा अतिरेक झाला तर पाने माजतात आणि फुले कमी येतात. उन्हाळ्यात पाण्याचा खंड पडल्यास पानांच्या कडा करपतात. वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. पाणी साचल्याने मात्र रुजलेल्या कर्दळीचे नुकसान होत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सांडपाणी शुद्धीकरणाची जी 'फायटोरिड' पद्धती विकसित केली आहे, तीत वापरण्यात येणाऱ्या वनस्पतींत कर्दळीचाही समावेश आहे. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ लावण्याच्या परसातील जुन्या रीतीला यावरून एक शास्त्रीय पाठबळ मिळते.

५. विभाजन आणि आवर

'विभाजन' या पारिभाषिक शब्दामुळे जणू एका वस्तूचे दोन समान भाग करावयाचे आहेत असा समज होतो. येथे खरे काम निवडीचे आहे. दर दोन, फार तर तीन वर्षांनी ताटवा पूर्ण खणून काढावा. मध्यभागचे जुने, काळवंडलेले, डोळे संपलेले गड्डे टाकून द्यावेत. कडेचे नवे तुकडे तेवढे पुन्हा लावावेत. ताटव्याचे फावड्याने सरळ दोन भाग करून दोन्ही तसेच लावले, तर प्रत्येक भागात निम्मे थकलेले खोड राहते आणि वर्षभरात पहिली स्थिती परत येते.

टाकलेले गड्डे कोठे जातात याकडेही लक्ष हवे. ओढ्याकाठी किंवा पाणथळ जागी फेकलेला गड्डा तेथे घर करतो. दक्षिण आफ्रिकेत आणि पॅसिफिक महासागरातील काही बेटांवर ही वनस्पती उपद्रवी तण म्हणून नोंदली गेली आहे. नको असलेले गड्डे उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात घालावेत. वाफ्याची हद्द राखावयाची असेल तर कडेने हातभर खोल फरशी किंवा विटांचा थर उभा गाडावा, किंवा वर्षातून एकदा कुदळीने कडेचा चर मोकळा करावा.

६. रोग

पाने गुंडाळून आत लपणारी अळी आणि पानांवर नारिंगी पुटकुळ्या आणणारा तांबेरा हे दोन त्रास नेहमीचे आहेत. अळीसाठी गुंडाळलेली पाने हाताने काढणे पुरते. तांबेऱ्याची पाने कापून जाळावीत आणि ताटव्यात हवा खेळेल इतकी विरळणी करावी.

खरी चिंता विषाणूंची आहे. विषाणूग्रस्त कर्दळीच्या पानांवर शिरांच्या दरम्यान पिवळे, तुटक पट्टे उमटतात, पाने वेडीवाकडी होतात, फुलांचा रंग फुटल्यासारखा दिसतो. यावर औषध नाही. असे झाड गड्ड्यासह काढून नष्ट करणे हाच एक मार्ग होय. कर्दळीची वाढ गड्ड्याच्या तुकड्यांनी होत असल्याने एका रोगट झाडाचे सर्व तुकडे रोगट निघतात, आणि शेजारधर्माने वाटलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर रोगही वाटला जातो. बेणे घेताना म्हणूनच गड्डा पाहण्याआधी त्या झाडाची पाने पाहावीत, आणि एका झाडावर वापरलेला कोयता ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवून मगच दुसऱ्याला लावावा. काही जातींची पाने मुळातच पिवळ्या रेघांची असतात. त्या रेघा शिरांना धरून नियमित असतात व सर्व पानांवर सारख्या दिसतात. रोगाचे पट्टे अनियमित असतात.

येथे हानी होते ती एखाद्या ताटव्याचीच नव्हे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आने याने व लियों येथील क्रोझी याने संकर करून कर्दळीला आजचे मोठ्या फुलांचे रूप दिले. कलकत्त्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या अलीपूर येथील बागेत विसाव्या शतकात पुष्कळ नव्या जाती निपजल्या. ही संस्था १८२० मध्ये स्थापन करणारा विल्यम केरी म्हणजे १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापणारा तोच श्रीरामपूरचा मिशनरी, हे भाषेच्या अभ्यासकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. अशा संकरज जाती बियांनी टिकत नाहीत; त्या केवळ गड्ड्यांच्या अखंड साखळीने टिकतात. साखळीत एकदा रोग शिरला व निरोगी तुकडा कोठेच उरला नाही, म्हणजे ती जात नाहीशी झाली.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली बागकामाची : कर्दळीला अधिक खत-पाण्यापेक्षा वेळेवरची कापणी, दर दोन-तीन वर्षांनी कडेच्या तुकड्यांची निवड, आणि बेण्याची शुद्धता यांची अधिक गरज आहे. दुसरी परिभाषेची : 'मूलक्षोड' हा शब्द अवयवाचे स्वरूप अचूक सांगतो, पण त्याचे काय करावयाचे ते सांगत नाही. 'डोळा', 'जेठा गड्डा', 'मुनवा', 'खोडवा' हे शब्द कृतीच्या अंगाने घडले असल्याने त्यांत पुढची पायरी सूचित असते. विज्ञानाची मराठी पाठ्यपुस्तके तयार करताना पहिल्या प्रकारचे शब्द घडविण्यात आपण बरेच श्रम घेतले. दुसऱ्या प्रकारचे शब्द मात्र प्रदेशाप्रदेशांतून गोळा करून त्यांच्या नेमक्या अर्थासह नोंदविण्याचे काम पुष्कळसे राहिले आहे. हळद व ऊस यांच्या लागवडीचे यंत्रीकरण होत असताना हे शब्द बोलणारी पिढी मागे पडत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांना कोशकार्याची आवड आहे त्यांनी आपापल्या तालुक्यातील एका पिकाची किंवा एका बागेची शब्दावली निवडावी, आणि प्रत्येक शब्द ज्या अवयवाला लावला जातो तो अवयव स्वतः हातात घेऊन पाहिल्यावरच त्याची नोंद करावी.